दक्षिणेकडून आलेली वेणी

हेरन लेक
२ सप्टेंबर १९७९

प्रिय इझिडोर,

पवित्र मारियेची पाखर तुझ्यावर असो. तुझं पत्र गुरुवारच्या विमानाने आलं. आईला मी ते दोनदा वाचून दाखवलं. संध्याकाळी तुझे भाऊजी जाळी टाकून आले तर तिने पुन्हा वाचायला लावलं, आणि प्रत्येक ओळीला "हो का?" करत राहिली, जशी काही पहिल्यांदाच ऐकतेय. सास्काटूनच्या पोटनिवडणुकीला पक्षाने तुला उभं केलं, हे आता सगळ्या गावाला पाठ झालंय. आपल्या क्री आदिवासींतला, तोही पाठीवर वेणी असलेला माणूस त्या सभागृहात बसल्याचं आमच्या तरी ऐकण्यात नाही.

हा कागद मागून छापलेला आहे, ती चर्चच्या बाजाराची जाहिरात आहे. ती वाचत बसू नकोस. महिला मंडळाचा हिशेब माझ्याकडे असतो, त्यामुळे उरलेले कागदही माझ्याकडेच येतात. एक बाजू कोरी असते, टाकवत नाहीत.

फादर चहाला आले होते. म्हणाले, "युलाली, संत पौलाने लिहून ठेवलंय, लांब केस पुरुषाला शोभत नाहीत." आई कोपऱ्यातून म्हणाली, "भिंतीवरच्या येशूचे केस खांद्यावर आलेत की. त्याला कुणी न्हाव्याकडे नेलं होतं? मला आता दिसत नाही, पण तो काही बदलला नसेल." फादरांना हसता हसता ठसका लागला.

मिशनच्या शाळेत आपल्या दोघांचे केस एकाच दिवशी कापले होते, आठवतं? मी मुकाट्याने बसले आणि तू कापणाऱ्या बाईंच्या हाताला चावलास. पुढे विशीत तू केस वाढवलेस, तेव्हापासून दर उन्हाळ्यात आई तुझी वेणी घालते. डोळे गेल्यावर तर जास्तच नीट घालते. या वर्षी तिने मूस हरणाच्या कातड्याची दोरी वळून दिली ना, टोकाला तीन मणी ओवलेली, ती तिने चार वेळा उसवून पुन्हा केली होती. तुला सांगितलं नव्हतं.

तिचा निरोप जसा आहे तसा लिहिते. "शपथ घ्यायला उभा राहशील तेव्हा वेणी पाठीवर असू दे. तुझ्या बाबांची डब्यात पडून आहे. घरातली एक तरी वेणी चालतीबोलती राहू दे." डबा तोच, चहाचा, तिच्या उशाशी असतो तो.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई,
युलाली

*

सास्काटून
२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

तुझं पत्र खिशात घेऊन दारोदार हिंडतोय. दार उघडलं की माणसं आधी माझ्या खांद्यामागे बघतात. मी तोंड उघडायच्या आत त्यांचं मत झालेलं असतं. परवा एका बाईने विचारलं, "नाटकात काम करता का?" एक म्हातारबा म्हणाले, "मत देतो रे, पण आधी न्हाव्याची भेट घे." त्यांच्या नातवाने मात्र वेणीला हात लावू का म्हणून विचारलं. तेवढं एकच मत खात्रीचं, आणि त्याचं वय सहा.

माझ्या निवडणुकीचं सगळं काम ग्रेगरी बघतो. माणूस वाईट नाही, तीन निवडणुका जिंकून दिल्यात त्याने. म्हणतो, "इझिडोर, तू उत्तरेला दवाखाना मागतोस, पण लोकांना ते ऐकूच येत नाही. ते तुझी वेणी बघत बसतात." मी म्हटलं, "विलायतेत न्यायाधीश घोड्याच्या केसांचे टोप घालून बसतात. तुमचे जुने पुढारी तर कुरळ्या बटा मानेवर सोडून भाषणं करायचे, त्यांच्या तसबिरी सभागृहातच लावल्यात. घोड्याचे चालतात आणि माणसाचे चालत नाहीत होय?" तो म्हणाला, "ते मेल्यावर शोभतात. जिवंत पुढाऱ्याचे केस कानाच्या वर पाहिजेत."

ताई, दवाखाना मला खरंच हवाय. बाबांसारखं कुणाला खोकला झाला म्हणून विमानात घालून दक्षिणेला नेऊ नये, एवढ्यासाठी मी या भानगडीत पडलोय.

आईला सांग, वेणी जागेवर आहे. रोज तिचीच दोरी बांधतो.

तुझा,
इझिडोर

*

हेरन लेक
८ ऑक्टोबर

प्रिय इझिडोर,

बदकं, हंस सगळे निघून गेले. सकाळी किनाऱ्याला काचेसारखा पातळ बर्फ धरतो आणि दुपारी विरघळतो. अजून दोन-तीन आठवडे विमान पाण्यावर उतरेल, मग तळं गोठेपर्यंत टपाल बंद. काय लिहायचं असेल ते आत्ताच लिही.

तुझं चहाचं पार्सल मिळालं. आई कुणाला हात लावू देत नाही, स्वतःच सोडते. आधी दोऱ्याची गाठ सोडवून दोरा गुंडाळून ठेवते, मग नाक आत घालते. लिंबाच्या गोळ्या तिने उशीखाली लपवल्यात आणि वाटतं मला ठाऊक नाही.

ती बरी आहे. थोडी धाप लागते, वयच झालं. नर्सबाई येऊन गेल्या. त्यांचं म्हणणं होतं की तिला दक्षिणेला, शहरातल्या दवाखान्यात न्यावं. आई म्हणाली, "दक्षिणेला गेलेलं माणूस कागदात गुंडाळून परत येतं." असं काहीबाही बोलते हल्ली, तू मनावर घेऊ नकोस. नर्सबाईंना मी मासा आणि बॅनकची भाकरी खाऊ घालून पाठवलं.

विचारत होती, वेणीला कुणी काही म्हणत नाही ना? मी सांगितलं, सगळे कौतुक करतात. खोटं बोलले असेन तर देव मला क्षमा करो.

तुझी ताई

*

सास्काटून
२६ ऑक्टोबर

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. आज चार सभा आहेत. वर्तमानपत्रात माझं व्यंगचित्र आलं. दवाखान्याच्या दारात मी उभा, आणि माझी वेणी इतकी लांब की रोगी तिला अडखळून पडतायत. ग्रेगरीने ते भिंतीवर लावलंय, मुद्दाम.

आईची धाप कमी झाली का? खरं लिही.

तिला सांग काळजी करू नको म्हणावं. सगळं ठीक आहे.

इझिडोर

*

सास्काटून
९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

हे पत्र एकटी असताना वाच.

काल मी केस कापले.

महिनाभर ग्रेगरी मागे लागला होता. परवा मतांची अंदाजी मोजदाद घेऊन आला. म्हणाला, "थोडक्यात पडणार आहेस. तुझ्याबरोबर दवाखानाही पडेल. आता तूच ठरव, तुला काय हवंय." मी रात्रभर तुझं पहिलं पत्र समोर ठेवून बसलो. आई म्हणते वेणी घेऊन आत जा. पण आतच जाता आलं नाही तर वेणी कुणाला दाखवू? आणि मला वाटलं, केस काय, पुन्हा येतील. उन्हाळ्यापर्यंत खांद्याला लागतील, तिच्या हातात पुरेसे असतील. समजावता येईल.

न्हावी वेणी केरात टाकणार होता. मी त्याच्या हातातून ओढून घेतली. आपल्यात गळलेला केससुद्धा जमिनीवर टाकत नाहीत, विस्तवात घालतात किंवा जपून ठेवतात, हे त्याला काय माहीत. बाहेर फोटोवाला उभा. ग्रेगरीने बोलावलेला. त्याला मी आणि माझी वेणी असा फोटो हवा होता. मी मागच्या दाराने निघून आलो.

माझ्या खोलीत वेणी ठेवायला भीती वाटते, हे लोक येत-जात असतात. म्हणून तुझ्या नावाने पार्सल केलंय. दोरी तशीच आहे. पार्सल जातच होतं म्हणून चहा आणि गोळ्याही घातल्या. आईला लगेच सांगू नकोस. बाबांची वेणी तिने इतकी जपली आहे, माझीही तिच्याच घरात राहावी असं वाटलं, एवढंच. नाताळला मी येईन, तिच्यापुढे बसेन आणि स्वतः सांगेन. तिने तोंडात मारली तरी चालेल.

पार्सल बसने रस्त्याच्या टोकापर्यंत येईल आणि तिथून तळ्यापलीकडे कुणीतरी आणेल तेव्हा. पत्र विमानाने येतंय, त्यामुळे ते तुला आधी मिळेल.

तुझा,
इझिडोर

*

हेरन लेक
२१ नोव्हेंबर

इझिडोर,

विमान अजून उतरलेलं नाही. उतरेल तेव्हा हे जाईल. तू फोनवर ज्या पत्राचं म्हणालास ते मला मिळालेलं नाही. इथे दर वर्षी असे काही दिवस येतात, तुला कसे आठवले नाहीत? बर्फ माणसाला पेलतो आणि विमानाला पेलत नाही, असे. टपाल तिकडे अडकून पडतं आणि पायी येणारा माणूस येऊन पोचतो.

तो आंतोन होता. शुक्रवारी रस्त्याच्या टोकावरच्या दुकानातून पाठीवर सामान बांधून तळं चालत आला. मी चर्चमध्ये मेणबत्त्यांची घरं घासत होते. त्याने पार्सल आईच्या हातात दिलं. "आजी, सास्काटूनहून आलंय." नाव माझं होतं, पण आंतोनला वाचता येत नाही आणि आईला दिसत नाही. चहाचा वास आला असणार तिला. तिने नेहमीसारखं सोडलं. दोऱ्याचा गुंडा मी नंतर बघितला, नीट गुंडाळून ठेवलेला.

मी आले तेव्हा चूल विझली होती. गोळ्या जमिनीवर सांडल्या होत्या. आई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि मला आधी ती ओळखूच आली नाही. मासे साफ करायच्या कात्रीने तिने स्वतःचे केस कानापाशी कापले होते. मांडीवर तिचे पांढरे केस आणि त्यावर तुझी वेणी. ती दोरीचे मणी चाचपत होती. एक, दोन, तीन, पुन्हा पहिल्यापासून.

म्हणाली, "युलाली, दार लाव. आपला इझिडोर गेला."

मी मॅट्रिक झालेली बाई. पण दोरी हातात घेतली आणि मलाही दुसरं काही सुचलं नाही. का ते तुला आता सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण आईने मना केलं होतं.

बाबांना क्षयाच्या दवाखान्यात नेलं तेव्हा तू तीन वर्षांचा होतास. दोन हिवाळे काही कळलं नाही. मग एक दिवस दक्षिणेकडून तपकिरी कागदात गुंडाळलेलं पार्सल आलं. पत्र नव्हतं. असेल तर वाटेत कुठे राहिलं असेल. आईला वाटलं त्यांनी काही खाऊ पाठवला. याच जमिनीवर बसून तिने ते सोडलं, मी शेजारी होते. आत बाबांची वेणी होती. तिकडच्या कुणा नर्सने दया येऊन पाठवली असेल. माणूस तिकडेच पुरला होता. आम्हाला कळलं ते असं. आई म्हणाली, "पोराला सांगू नकोस की त्याचे बाबा कागदातून आले. सांग, तिकडे झोपलेत." त्या दिवसापासून तिने त्यांचं नाव तोंडातून काढलं नाही. तुला डबा ठाऊक होता. डब्यात वेणी कशी आली ते ठाऊक नव्हतं. आता बघ तू काय पाठवलंस.

मी धावत फादरांकडे गेले. रेडिओ-फोनवर नुसती खरखर. शनिवारी लागला तर तुझ्याकडे कुणी उचलला नाही. फादरांनी तुझ्यासाठी घंटा वाजवली. लोक मांस, बॅनक घेऊन आले, रीत असते तसे. रविवारच्या मिस्सेत तुझ्या आत्म्यासाठी प्रार्थना झाली आणि मी पुढच्या बाकावर बसून आमेन म्हटलं. दुपारी तुझा आवाज आला, "ताई? काय गं?" आणि मी ओरडले, "मेल्या, तू जिवंत आहेस?" फादरांनी मला खुर्चीत बसवलं.

आईला तुझ्या भाऊजींनी घसरगाडीवर बसवून आणलं. फोन तिच्या कानाला लावला. तू किती बोललास, रडलास, मला ऐकू येत होतं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि एक शब्द न बोलता फोन हळूच माझ्या हातात दिला. वाटेत म्हणाली, "गेलेली माणसं बोलतात. तुझे बाबाही यायचे बोलायला. उत्तर द्यायचं नसतं युलाली. उत्तर दिलं की ती अडकून पडतात, त्यांना पुढे जाता येत नाही. मी माझ्या लेकराला अडकवणार नाही."

मी तिच्यावर ओरडले, तिला हलवलं, शपथा घातल्या. ती माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली. तिला वाटतं, मलाच सोसत नाहीये.

खात नाही. चहाही नाही. धापेचं मी तुला खरं लिहिलं नव्हतं. नर्सबाई म्हणाल्या होत्या, हिचं हृदय हा हिवाळा काढेल असं सांगता येत नाही.

मी फोनवर म्हटलं, ये. तू म्हणालास, अठ्ठावीसला मतदान आहे, त्यानंतर. मी म्हटलं, आत्ता ये, भाऊजी रस्त्याच्या टोकाला थांबतील. तुझ्या मागे कुणीतरी इंग्रजीत काही बोललं आणि फोन बंद झाला. रेडिओ-फोन असा मधेच बंद पडतो, हे मला माहीत आहे. तसंच झालं असेल असं मी धरून चालले आहे.

युलाली

*

सास्काटून
२९ नोव्हेंबर

ताई,

निवडून आलो.

फोन बंद पडला नव्हता. मी ठेवला. ग्रेगरी मागून म्हणत होता, पाच सभा राहिल्यात, आता गेलास तर केस कापलेले फुकट जातील. मला ते पटलं. खोटं का बोलू, त्या क्षणी पटलं. वाटलं, आई आठवडाभर रागावेल, जिंकून गेलो की दवाखान्याची बातमी तिच्या हातात ठेवीन.

उद्या निघतोय. शनिवारी रस्त्याच्या टोकाला पोचेन. भाऊजींना त्रास नको, तळं मी चालत येईन.

इझिडोर

*

सास्काटून
१७ डिसेंबर

प्रिय ताई,

तुमच्याकडून येऊन आठवडा झाला. आईने खाल्लं का काही? मी आणलेला चहा तरी घेतला का?

तू चुलीशी उभी होतीस, तोंड फिरवून. तू सगळं ऐकलंस की नाही मला ठाऊक नाही, म्हणून लिहितो. नाहीतर मला वेड लागेल.

मी तिच्यापुढे गुडघ्यावर बसलो, ती वेणी घालायची तेव्हा बसायचो तसा. तिने हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला आणि नेहमीच्या सवयीने खाली आणला. मानेपाशी हात थांबला. मशीन फिरवलेली मान, ताई. तिथून पुढे तिला काही मिळालं नाही. तिचा हात हवेत तसाच राहिला. मग तिने तो मांडीवर घेतला आणि म्हणाली, "बस बाबा. कुठून आलास एवढ्या थंडीत? युलाली, पाहुण्याला चहा दे."

मी म्हटलं, आई, मी इझिडोर. ती हसली. परक्या माणसाचं मन राखायला हसते, तसं.

मी तिला शाळेतल्या बाईंना चावलो होतो ते सांगितलं. उशीखालच्या गोळ्या सांगितल्या. लहानपणी तळ्यावर ती जे गाणं म्हणायची ते म्हटलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, "त्याने तुला खूपच सांगितलेलं दिसतं. फार जवळचा मित्र होतास का रे?"

मग विचारलं, "शेवटी तू होतास त्याच्याजवळ?"

मी म्हटलं, होतो.

"दुखलं का त्याला?"

ताई, मी म्हटलं, "नाही. पटकन झालं."

तिने माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी आपलं होतं जवळ. त्याच्या बाबांजवळ कुणी नव्हतं." आणि निघताना मला वाटेसाठी सुकवलेला मासा बांधून दिला. तो अजून तसाच आहे.

इथे सगळे अभिनंदन करतात. म्हणतात, आता कसा पुढारी दिसतोस.

तुझा,
इझिडोर

*

हेरन लेक
१० जानेवारी १९८०

प्रिय इझिडोर,

आधी हे वाच, मग पाकिटातलं दुसरं काढ.

पाच जानेवारीला, तीन राजांच्या सणाच्या आदल्या सकाळी आई गेली. झोपेतच. चार दिवस हिमवादळ होतं, रेडिओ-फोन मेलेला, विमान नाही. थांबता आलं नाही. वादळ नसतं तरी लोकांनी तुझी वाट किती बघितली असती कोण जाणे. कब्रस्तानात कुणीतरी म्हणालं, "पुढारी नाही आला?" मी म्हटलं, "पुढारी नाही, माझा भाऊ. त्याला कळलेलंच नाही."

तुझी वेणी तिच्या मुठीत होती, सोळा नोव्हेंबरपासून ती रोज तिला धरूनच झोपायची. तशीच ठेवली. बाबांची डब्यातून काढून दुसऱ्या हाताशी ठेवली. दोघांच्या वेण्या तिच्याबरोबर गेल्या. मी सुतकाच्या रीतीने माझे केस कापून पायाशी घातले. मंडळातल्या बायका बघत राहिल्या. कात्री फादरांनीच परत पेटीत ठेवली.

आदल्या संध्याकाळी ती नीट बोलली होती. मला जवळ बोलावून म्हणाली, "तो भला माणूस आला होता ना सास्काटूनचा, त्याला माझं कळव. इतक्या लांबून चालत आला बिचारा. आणि त्याला म्हणावं, घरी आई असेल तर तिच्याकडे जाऊन ये. बाहेरगावी राहून पोरं विसरतात."

मी म्हटलं, सांगते. हे सांगितलं.

मी तुला क्षमा केली का, ते मला ठाऊक नाही. फादर विचारतात, मी म्हणते, अजून नाही कळलं. रोज जपमाळेला बसले की तुझं नाव येतं तेवढं खरं, आणि ते मुद्दाम घ्यावं लागत नाही.

वेणीची दोरी मात्र मी सोडून घेतली. आईने चार वेळा केलेली वस्तू जमिनीत जाऊ द्यायला मन झालं नाही. ती या पाकिटात आहे. पार्सल करणार नाही, आयुष्यात पुन्हा कुणाला करणार नाही.

तुझी ताई,
युलाली

*

रेजायना
२ मार्च १९८०

प्रिय ताई,

दोरी मनगटाला बांधली आहे. अजून तिला धरायला डोक्यावर काही नाही, केस जेमतेम कानापर्यंत आलेत.

गेल्या आठवड्यात इथल्या सभागृहात शपथ घेतली. हात वर केला तर बाहीतून तीन मणी खाली ओघळले. माझ्या मागच्या भिंतीवर त्या जुन्या पुढाऱ्यांच्या तसबिरी आहेत, बटा मानेवर सोडलेल्या. दवाखान्याचा प्रस्ताव मी मांडला, तो समितीकडे गेलाय. तिथे तो किती दिवस राहील, कुणी सांगत नाही.

तू लिहिलंस की तू केस कापून आईच्या पायाशी घातलेस. मी आरशापुढे किती वेळ उभा होतो. माझी आई गेली आणि माझ्याकडे तिच्यासाठी कापायला काही नव्हतं. ते मी आधीच देऊन टाकलं होतं, दारोदारच्या लोकांना. माझ्याकडे बघून कुणालाही कळत नाही की हा सुतकातला माणूस आहे. म्हणतात, टवटवीत दिसतोस.

ग्रेगरी काल भेटला. माझ्या कानावरचे केस बघून कपाळाला हात लावला. "पुन्हा वाढवतोयस? जिंकलास ना आता? कशाला हा हट्ट?"

मी म्हटलं, हट्ट नाही. पाठीवर येतील इतके वाढवायचेत. वर्षं लागतील.

"आणि मग?"

मग गावी जायचं, म्हटलं. आईपाशी बसायचं. ताईच्या हातात कात्री द्यायची.

देशील ना, ताई, कापून?

इझिडोर